छत्तीस घरांची गुप्तलिपी

दिग्रसच्या वाचनालयात मुलांसाठी एकच कपाट होतं, लाल रंगाचं, आणि त्याची सगळ्यात वरची फळी गुप्तहेरांची होती. चीनचं युद्ध होऊन दीडेक वर्ष झालं होतं आणि असली पुस्तकं तेव्हा भराभर निघत. पातळ, रंगीत वेष्टनाची, आत दुसऱ्या महायुद्धातल्या गोष्टी. कोटाच्या बटणात नकाशा लपवणारा माणूस, स्वेटरच्या टाक्यांत आगगाड्या मोजून ठेवणारी म्हातारी, कबुतरं, लिंबाच्या रसानं लिहिलेली पत्रं. गोष्टी घडत त्या गावांची नावं मला धड म्हणता येत नसत. मी पाहिलेलं सगळ्यात लांबचं गाव म्हणजे पुसद. पण पुस्तकाच्या शेवटी एखादी गुप्तलिपी समजावून दिलेली असे, ती मात्र मला एकदा वाचून कळायची. हायस्कुलातली पोरं ती पानं फाडून न्यायची. मी पाठ करायची.

अडचण एवढीच होती की त्या कपाटावर माझा हक्क नव्हता. मुलांचं कार्ड शाळेत जाणाऱ्यालाच मिळे, त्यावर हेडमास्तरांची सही लागे. मी चौथी पास झाले आणि मला शाळेतून काढलं. माय कापूस वेचायला जायची, घरी धाकटा भाऊ रांगता होता. यात कोणाचा दोष काढायचा नाही. आमच्या ओळीतल्या सगळ्या पोरींचं तेच झालं. पण कार्डही गेलं, आणि ते मला शाळेपेक्षा जास्त लागलं.

म्हणून मी मैत्रिणीचं कार्ड वापरू लागले. ती गावाबाहेरच्या तांड्यावरची, बंजाऱ्यांची. तिच्या बापाला घरात कागद वाचणारं कोणीतरी हवं होतं म्हणून ती पाचवीत गेली होती. तिला पुस्तकांची काडीची आवड नव्हती. ती वाचनालयातून पुस्तक आणून मला द्यायची, मी दोन दिवसांत वाचून परत करायची, आणि बदल्यात तिचे पाढे तिच्याकडून घोटून घ्यायची.

चार महिने हे चाललं. मग वाचनालयाच्या गुरुजींनी तिला सहज विचारलं, "काय गं, या पुस्तकातला हेर शेवटी पकडला जातो का?"

ती म्हणाली, "कोनता हेर?"

तिचं कार्ड जप्त झालं. ती माझ्या दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुह्यापायी माह्यं कार्ड गेलं. आता माही याडी म्हनते, चोरी केली काय व तुनं?" याडी म्हणजे तिची आई.

"तुले कार्ड कायले पायजे? तू त वाचतच नाई."

"नाई वाचत. पन माह्यं होतं ना थे!"

बरोबर होतं तिचं.

त्यानंतर आठवड्याभरात गुरुजींनी व्हरांड्यातल्या फळ्यावर एक चौकोन काढला. सहा आडव्या, सहा उभ्या, अशी छत्तीस घरं. प्रत्येक घरात एक अक्षर. फळ्याच्या खिळ्याला सुतळीनं एक पुठ्ठा टांगला होता, त्याला नऊ चौकोनी खिडक्या कापलेल्या. खाली लिहिलं होतं: "जो कोणी शनिवारपर्यंत हा निरोप वाचील, त्याला वर्षभर लाल कपाटातलं हवं ते पुस्तक सर्वांच्या आधी मिळेल." पानं फाडणाऱ्या पोरांना कामाला लावायची ही गुरुजींची युक्ती होती.

व्हरांड्यात वर्तमानपत्रं असत, तिथं कोणालाही जाता येई. मीही गेले. पुठ्ठा चौकोनावर धरला की खिडक्यांतून नऊ अक्षरं दिसत आणि ती सरळ वाचता येत: पुस्तक लाल कपाटात. बाकीची सत्तावीस अक्षरं काहीच्या बाही. पण त्याचं कोणाला नवल वाटलं नाही. फळीवरच्या एका पुस्तकात अशीच लिपी होती आणि त्यात बाकीची अक्षरं नुसतं भरताड असायची, शत्रूला चकवायला. ते पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं.

मग काय, पोरं लाल कपाटावर तुटून पडली. सोमवारपासून एकेक पुस्तक काढून झटकत होती, वेष्टनं उकलत होती. एकानं कपाटाची पाठ ठोकून पाहिली. डॉक्टरांचा मुलगा त्यांचा पुढारी, नववीतला. मी दारातून बघत होते तर म्हणाला, "ए, तू कायले उभी आहे? तुहं कार्ड आहे का?"

"पाहून राह्यली, तुमी कपाट कवा पाडता ते."

मी घरून रद्दी कागद नेऊन चौकोन उतरवून घेतला आणि दुसऱ्या कागदावर पुठ्ठा धरून त्याच्या खिडक्या कोळशानं रंगवल्या. पण मीही तिथंच अडकले होते. पुस्तक लाल कपाटात. ते तिथं असतं तर बुधवारपर्यंत सापडलं असतं. माझं डोकं त्यापुढं जाईना. आणि का जाईना, ते सांगायला मला बाबांचं काम सांगावं लागेल.

बाबा जिनिंग-प्रेसिंगमध्ये मार्केवाले होते. रुईची गाठ दाबून, गोणपाटात शिवून आली की तिच्यावर मार्का मारायचा. पत्र्यात अक्षरं कापलेली असत. पत्रा गाठीवर ठेवायचा, काळ्या रंगाचा कुंचा फिरवायचा, पत्रा उचलायचा. अक्षरं इंग्रजी. बाबांना मराठीच जेमतेम वाचता येई, इंग्रजी अक्षराचं डोकं कुठलं नि पाय कुठले हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून प्रत्येक पत्र्याच्या वरच्या कडेला ते छिन्नीनं एक खाच मारून ठेवत. खाच नेहमी वर. एकदा नव्या गड्यानं खाच खाली धरून वीस गाठी रंगवल्या होत्या. त्या परत आल्या आणि मुनीमजींनी बाबांना सगळ्या गड्यांसमोर वाटेल ते ऐकवलं. त्या दिवसापासून आमच्या घरात कुठलाही पत्रा उलटा धरणं म्हणजे पाप होतं. मी चार वर्षांची असल्यापासून ऐकत होते: खाच वर, खाच वर.

शुक्रवारी दुपारी बाबांची भाकर घेऊन जिनमध्ये गेले. जेवणाचा भोंगा झाला होता. मी खिडक्यांचा कागद दाखवून म्हटलं, "बाबा, माले असा पत्रा कापून द्या."

"कायले व?"

"वाचनालयात कोडं हाये. कागद फाटून राह्यला."

"कोडं सोडवून का भेटते?"

"पुस्तकं."

"थे त तू तशीबी वाचतं."

"कार्ड गेलं. आता नाई वाचत."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. भाकर बाजूला ठेवली, डब्याचा पत्रा घेतला आणि छिन्नीनं नऊ खिडक्या कापल्या. सवयीनं वरच्या कडेला खाचही मारली. मग गोणपाटाचा तुकडा माझ्यापुढं पसरला, माझ्या बाजूनं खाच वर येईल असा पत्रा ठेवून कुंचा फिरवला. नऊ काळे चौकोन उठले.

"हे खिडकी वाकडी झाली," असं म्हणून त्यांनी पत्रा उचलला, कड घासली आणि परत त्याच तुकड्यावर ठेवला. पण आम्ही समोरासमोर बसलो होतो. त्यांनी या वेळी खाच स्वतःच्या वरच्या बाजूला ठेवली. माझ्या बाजूनं पत्रा उलटा झाला.

मी पाहिलं तर नऊच्या नऊ खिडक्यांतून कोरं गोणपाट दिसत होतं. एकाही खिडकीत काळं नाही.

बाबा धुवायला घरी आणत ते पत्रे मी अंगणात रोज पाहत होते. मार्क्याचा पत्रा उलटा पडला की कुठंतरी जुना रंग दिसतोच. इथं नऊपैकी एक तरी खिडकी रंगावर यायला हवी होती. मी पत्रा पाव फेरा फिरवला.

"खाच वर!" बाबा ओरडले. "उलटा कायले धरतं?"

"थांबा ना बाबा."

पुन्हा कोरं. दुसरीकडं पाव फेरा दिला, तरी कोरं. नऊ चोक छत्तीस. हे काही आपोआप होत नाही. कोणीतरी मुद्दाम मोजून खिडक्या कापल्या होत्या, म्हणजे पुठ्ठा फिरवायचाच होता. तो सुतळीला टांगलेला म्हणून पोरांनी फिरवला नाही, आणि मी फिरवला नाही तो बाबांच्या खाचेपायी.

कमरेला खोचलेला चौकोनाचा कागद काढला. हात काळे झाले होते, कागदावर बोटं उठली. पत्रा उलटा ठेवला आणि वाचलं: पेटीत आहे सापडलं. पाव फेऱ्यावर ठेवला: नाही ते खिडकीखालच्या. दुसऱ्या पाव फेऱ्यावर: की येऊन मला दाखव.

मी ओळीनं लावून मोठ्यानं वाचलं. "पुस्तक लाल कपाटात नाही. ते खिडकीखालच्या पेटीत आहे. सापडलं की येऊन मला दाखव."

पलीकडं जेवत बसलेले गडी हसायला लागले. एकानं विचारलं, "का सापडलं व?"

"पोट्टे पाच दिवस झाले कपाट उपसून राह्यले," मी म्हटलं, "आन त्यात हायेच नाई!"

बाबांनी पत्रा हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे मले कवा सुचलं नसतं." बाबांच्या तोंडून मी एवढं मोठं कौतुक त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही ऐकलं नाही.

वाचनालय चार वाजता उघडायचं. मी मैत्रिणीला शाळेच्या दारातून ओढून नेलं. ती वाटभर विचारत होती, "मले कायले नेतं? मले पुन्हा शिव्या खावाच्या नाई." मी म्हटलं, "चाल त खरी."

आत लाल कपाट रिकामं होतं आणि सगळी पुस्तकं जमिनीवर. गुरुजी टेबलामागं चष्मा पुसत होते, बहुतेक स्वतःच्या युक्तीचा पश्चात्ताप करत. खिडकीखाली एक लाकडी पेटी होती आणि तिच्यावर डॉक्टरांचा मुलगा पाय हलवत बसला होता. पाच दिवस तो त्याच पेटीवर बसून बाकीच्यांना हुकूम सोडत होता.

मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. "उठ."

"काहून?"

"तुह्या बुडाखाली पुस्तक हाये."

सगळे हसले. तो उठेना. गुरुजींनी चष्मा घातला आणि म्हणाले, "अरे, ऊठ बाबा."

पेटी उघडली. जुन्या मासिकांखाली कोरं पुस्तक होतं, पानंसुद्धा न कापलेली. गुरुजींना नेऊन दाखवलं. त्यांनी विचारलं, "कसं काढलंस?" मी पत्रा काढला, चार वेळा फिरवला, चार वेळा वाचून दाखवलं. पोरं टेबलाभोवती गोळा झाली. कोणी हसत नव्हतं.

डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, "पण गुरुजी, हिचं कार्डच नाही. ही शाळेतच जात नाही."

गुरुजी म्हणाले, "ते खरं आहे. नियम समितीचा आहे, बाळ."

मला असंच काही होईल हे माहीत होतं. रस्त्यानं येताना तेच ठरवत होते. "गुरुजी, फळ्यावर तुमी लिवलं ते वाचा ना एकदा."

"मला माहीत आहे काय लिहिलंय."

"जो कोणी, असं लिवलं हाये. शाळेतला, असं नाई लिवलं."

गुरुजी उठून व्हरांड्यात गेले. खरोखर जाऊन स्वतःचं अक्षर वाचून आले. मग खुर्चीवर बसले आणि पोरांकडं पाहून म्हणाले, "पाच दिवस तुम्ही माझं कपाट उपसलंत. एकालाही पुठ्ठा फिरवावासा वाटला नाही." त्यांनी खणातून कोरं कार्ड काढलं. "समितीला काय सांगू मी?"

"सांगा, चौथी पास पोरीनं सोडवलं."

"आणि शाळेच्या रकान्यात काय लिहू?"

"रेघ मारा."

त्यांनी रेघ मारली. हेडमास्तरांच्या सहीच्या जागी स्वतःची सही केली. मी कार्ड घेतलं, पण तिथून हलले नाही.

"आता काय?"

"हिचंबी द्या. हिनं पुस्तक माह्यासाठी नेलतं, चोरी नाई केली."

मैत्रीण माझ्यामागं लपली होती. गुरुजींनी तिचं कार्ड काढून दिलं आणि म्हणाले, "निदान एक पुस्तक तरी वाच गं." ती म्हणाली, "हो गुरुजी," आणि बाहेर येताच म्हणाली, "मी नाई वाचत. पन याडीले दाखवतो आता."

घरी माझ्या मायनं माझं कार्ड पाहिलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "पोराले झोपवून मंग वाचजो." तिची परवानगी अशीच असे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी चारच्या ठोक्याला वाचनालयात गेले. कार्ड असलं की आतल्या टेबलाशी खुर्चीवर बसता येई. खुर्च्या सहा आणि सहाही पोरांनी धरलेल्या. डॉक्टरांच्या मुलानं काल पेटीत सापडलेलं, गुरुजींनी नोंदीसाठी ठेवून घेतलेलं पुस्तक हातात घेतलं होतं, पहिली पानं कापून वाचत होता. मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि हात पुढं केला. त्यानं गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. त्यानं पुस्तक दिलं. मग खुर्चीही दिली.

मी बसले आणि अंधार पडेपर्यंत पहिल्या पानापासून वाचत राहिले. त्या वर्षी वरची फळी मी संपवली, आणि प्रत्येक पुस्तक मी सोडल्यावरच पोरांच्या हातात गेलं.