यंत्रानं तळ्यातून नेलेली वाट

उपग्रहांशी बोलणारं यंत्र पहिल्यांदा हातात आलं तेव्हा आठ दिवस मी ते शर्टाच्या खिशात, अर्धं बाहेर दिसेल असं ठेवून हिंगोलीच्या बाजारातून हिंडलो. कुणी विचारायचं, "मोबाइल हाय का?" मी म्हणायचो, "त्याच्या वरचं." त्यावरून फोन लागत नाही हे कळलं की समोरच्याचा चेहरा पडायचा, आणि माझाही थोडा.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. मी एका लहानशा खाजगी कचेरीत सर्वेक्षणाच्या कामाला होतो. ज्या वस्त्यांना रस्ता नाही, त्यांची पायवाट चालायची, यंत्रात ती रेघ उमटवायची आणि कचेरीतल्या संगणकावर उतरवायची. मग आमचे साहेब ती रस्त्यांच्या प्रस्तावाच्या यादीला जोडत. साहेब बोलायचे कमी, चष्म्यावरून बघायचे जास्त.

यंत्राबरोबर जाडजूड पुस्तिका आली होती. ती इंग्रजीत होती आणि माझा ताठा मराठीत, त्यामुळे दोघांची गाठ पडली नाही. बटणं दाबता दाबता एवढं कळलं की चालताना यंत्र मागे ठिपके टाकत जातं आणि ठिपके जोडले की वाट तयार होते. ठिपका कधी टाकायचा, ते आपण सांगायचं: इतक्या सेकंदांनी, इतक्या मीटरनी, नाहीतर यंत्राच्या मर्जीनं. यंत्राचं साठवणीचं पोट भरलं तर थांबायचं की जुनं पुसून नवं लिहायचं, हेही सांगायचं. आता, अर्जाला जितके जास्त कागद जोडावे तितकं काम पक्कं, हा मी आयुष्यात शिकलेला धडा. मी दर सेकंदाला एक ठिपका लावला. थांबलेलं यंत्र आळशी दिसतं, म्हणून जुनं पुसून लिहीत राहा, असंही सांगून ठेवलं.

पहिलं काम लागलं सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्याचं. तांडा ते गोरेगावकडे जाणारा फाटा, मधे चारेक किलोमीटर काळी माती. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन चालायचं, आणि तरी एखादी चप्पल जायचीच. तांड्याचे नाईक पांढरा फेटा बांधून माझी वाट बघत होते. त्यांची सून ओढ्याकाठी टमाटे आणि मिरची लावायची. पावसाळ्यात टोपली डोक्यावर घेऊन फाट्यावर पोचेपर्यंत जीप निघून गेलेली असायची आणि माल घरी परत. "चार महिने आमीच खातो टमाटे," ती म्हणाली. "लेकरं आता टमाट्याकडं पाठ करून जेवतात."

वाट दाखवायला नाईक स्वतः निघाले. त्यांच्या वाडवडिलांनी याच वाटेनं बैलांवर धान्य-मीठ वाहिलेलं. बैलांच्या पाठीवरचं ओझं जिथं जिथं उतरायचं, त्या प्रत्येक जागी नाईक बसले. एक लिंबाखाली, एक मोठ्या दगडापाशी, एक तळ्याच्या कडेला. तिथं बसल्याशिवाय पुढं जाणं त्यांना बरं वाटत नव्हतं. आसपासच्या शेतातून कुणीतरी चहा आणायचं. मी मान हलवत चहा प्यायचो आणि खिशातलं यंत्र बसल्या जागी, दर सेकंदाला, इमानदारीनं ठिपके टाकत राहायचं.

फाट्यावर जीप मिळाली. यंत्र बंद करायचं असतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी संगणकावर रेघ उघडली. ठळक, सलग, डांबरी सडकेवरून थेट हिंगोलीपर्यंत आलेली. तांडा त्यात कुठंच नव्हता. यंत्राचं पोट कधीच भरलं होतं आणि त्यानं सांगितल्याप्रमाणे जुनं पुसून जीपचा प्रवास लिहिला होता.

साहेबांनी एका जागी बोट ठेवलं. तिथं रेघेचा गुंता झाला होता, लेकरानं पाटीवर गिरगटावं तसा. "हे काय?"

"माहीत नाही, साहेब."

"सेनगाव स्टँडाजवळ आहे. एक वाजून दहा ते दोन वाजेपर्यंत." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काल उशीर का झाला म्हणाला होतात?"

मी म्हणालो होतो की जीप पंक्चर झाली. प्रत्यक्षात स्टँडाजवळच्या हॉटेलात मिसळ चांगली मिळते.

"पुढच्या सोमवारी यादी जाते," साहेब म्हणाले. "त्याच्या आधी रेघ आली तर आली. नाही तर तांडा पुढच्या वर्षी."

दोन दिवसांनी मी पुन्हा तांड्यावर. नाईकांना म्हणालो, "दोनदा मोजावं लागतं, नियमच हाय." त्यांनी समजून मान हलवली, फेटा बांधला आणि निघाले. सून गोठ्यातून म्हणाली, "भाऊ, पहिल्या बारीला वाट सांडली का कुठं?" मी हसण्यावारी नेलं.

पोट भरण्याची आता इतकी धास्ती होती की मी ठिपका पाच मिनिटांनी लावला. उरकून फाट्यावर आलो तेव्हा यंत्र निम्म्याहून जास्त रिकामं. मला वाटलं, आता खरा कारागीर झालो. या वेळी ते आठवणीनं बंद केलं आणि मिसळ न खाता परत आलो.

साहेबांनी रेघ उघडली. बसल्या बसल्या नाईकांच्या विसाव्याच्या जागी ठिपक्यांची दाटी झालेली, आणि मधल्या चालीला म्हातारं असं झपाझप गेलेलं की तिथं एखाददुसराच ठिपका. यंत्रानं एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढून टाकली होती.

"तांड्यावरची माणसं तळ्यातून पोहत जातात?"

"न्हाई साहेब, कडेनं जातात."

"तुमचं यंत्र पोहत गेलंय. आणि वाट अर्धा किलोमीटर कमी भरतेय. आज शनिवार."

त्या रात्री मी पुस्तिका उघडली होती असं सांगायला मला आवडलं असतं. मी लवकर झोपलो.

रविवारी सकाळी तांड्यावर पोचलो तेव्हा नियम सांगायचं तोंड राहिलं नव्हतं. नाईकांपुढं बसलो आणि खरं ते सांगितलं: पहिली वाट पुसली, दुसरी तळ्यात गेली, आज नाही जमलं तर रस्ता एक वर्ष लांबला, आणि सगळा दोष माझा. सून टोपलीतले टमाटे निवडत होती, तिचा हात थांबला.

"पण ते यंत्र चुकून काहून राहिलं?" तिनं विचारलं.

मी समजावलं. वेळ मोजून ठिपका टाकतं, पण नाईक बसतात, मग ठिपके तिथंच साचतात. "नाईक, आज न बसता चला," असंही म्हणून बघितलं.

"ते न्हाई व्हायचं," नाईक म्हणाले. रागानं नाही, सूर्य पश्चिमेला मावळतो हे सांगावं तसं.

सून म्हणाली, "त्यांना काहून बदलता, भाऊ? त्या डब्याला सांगा की. बसल्या जागी लिहायचं काय? पाय पुढं पडला तर लिही म्हणावं. मी टोपली घेऊन जाते तर वेळ मोजत न्हाई, पावलं मोजते."

मी यंत्र काढलं. मीटरनुसार ठिपका टाकण्याची सोय पहिल्या दिवसापासून त्यात होती, मी तिच्यावरून रोज बोट सरकवत पुढं जात होतो. वीस मीटर लावले. बसलं तर लिहिणार नाही, चाललं तर वळणासकट लिहील. जुनं पुसणंही बंद केलं. मग तांड्याभोवती दोन चकरा मारून पाहिल्या. पडद्यावर गोल उमटला. आसपासच्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या, पण इतका चांगला गोल मी शाळेत कंपासनंही काढला नव्हता.

नाईक निघाले आणि प्रत्येक जागी बसले, उलट आज एक जागा जास्तच बसले. मी प्रत्येक ठिकाणी यंत्राकडं पाहत होतो. ते गप्प होतं. नाईक उठले की ते उठायचं.

सोमवारी साहेबांनी रेघ उघडली. तांड्यापासून फाट्यापर्यंत, तळ्याला वळसा घालून, ओढ्याशी थोडी खाली उतरून, एकसारख्या ठिपक्यांची. एकदोन ठिपके विसाव्यापाशी इकडंतिकडं उडाले होते, तेवढे त्यांनी पुसले. मग प्रस्तावाचा कागद ओढून तांड्याचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "पुस्तिका वाचलीत वाटतं."

"तांड्यावरच्या वहिनींनी वाचून दाखवली," मी म्हणालो. साहेब पहिल्यांदा हसताना दिसले, तेही अर्धे.

त्या रेघेचा एक छापील कागद मी नाईकांना नेऊन दिला. त्यांनी तांड्यावर बोट ठेवलं आणि रेघेवरून सावकाश सरकवत नेलं. जिथं काहीच खूण नव्हती तिथं बोट थांबवून म्हणाले, "इथं बाप बसायचा." पुढं गेले. "इथं चुलता." मी त्यांना पेन दिला.

यादीत नाव लागलं म्हणून लगेच रस्ता होतो असं नाही. एक उन्हाळा कागद फिरण्यात गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात मुरूम पडला, रोलर फिरला. पाऊस चांगला लागल्यावर मी गेलो तेव्हा जीप तांड्याच्या तोंडाशी उभी होती आणि सून ड्रायव्हरला, टोपल्या वर नीट ठेव, खाली दाबू नको म्हणून दम देत होती.

मला बघून म्हणाली, "भाऊ, उभे काहून? हात लावा."

मी टोपली उचलली. चार किलोमीटर ही डोक्यावरून जायची, हे हातात घेतल्यावर कळलं. ती टपावर चढवली, दोरी बांधली, आणि जीप सुटली तेव्हा मागच्या फळीवर मीही लटकलो होतो.