चहाला नाही म्हणायची तालीम

माझा चुलतभाऊ उत्तरेश्वर ह्याला जन्मात कधी कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. एकदा केजच्या बाजारात एका अनोळखी माणसानं त्याच्या हातात शेळीचं दावं दिलं आणि म्हणाला, "धरा जरा, आलोच." हा दिवस कलेपर्यंत शेळी धरून उभा. माणूस आला तो म्हणाला, "अजून थोडी धरता का, माझं जेवण राहिलंय." ह्यानं धरली. कंडक्टर "चला, चढा लवकर" म्हणाला म्हणून हा एकदा परळीच्या गाडीत चढला होता, जायचं होतं बीडला. लग्नात वाढपी शेवटी ह्याच्याकडं यायचे, कारण बुंदीच्या पातेल्यातलं उरलंसुरलं सगळं ह्याच्या पत्रावळीत खपायचं.

असा हा माणूस आमच्या गावातला पहिला बी.कॉम. औरंगाबादेत राहून शिकला आणि परत आला तो नेमका बहात्तरच्या दुष्काळात. नांदूरघाटाच्या अलीकडं आमचं गाव. त्या साली विहिरीच्या तळाला पोरं गोट्या खेळायची. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर, आणि हा पदवीधर आमच्याशेजारी बसून खडी फोडायचा. मुकादम सगळ्यात मोठा दगड त्याच्यापुढं ढकलायचा. हा घ्यायचा.

मुलाखती देऊन आला होता तो आधी. एका ठिकाणी साहेबानं सहज विचारलं, "तुमच्यापेक्षा गरजू कुणी आला, त्याला घेतलं तर चालेल ना?" हा म्हणाला, "चालंल की." चाललं मग.

अशात सहकार खात्यात हिशेब तपासनिसांच्या जागा निघाल्या. गावोगावच्या सोसायट्या, संघ, ह्यांची दप्तरं तपासायची सरकारी नोकरी. ह्याला औरंगाबादचं बोलावणं आलं. शिक्षण उशिरा झालेलं, वय असं काठावर आलेलं की ही हुकली तर पुढं सरकारी नोकरी नाही, खडीच.

आता तयारी. पुस्तक माझ्याकडं दिलं होतं. मी चौथी पास. झाडाखाली बसून विचारायचो, "घसारा म्हंजे काय?" तो सांगायचा. ते बरोबर का चूक हे मला कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी प्रत्येक उत्तराला म्हणायचो, "पुन्यांदा सांग." त्यानं बिचारा लई पक्का झाला.

पण खरी तालीम घेतली रहमतुल्लानं. रहमतुल्ला आमचा दोस्त, सायकलीच्या दुकानाचा मालक. दुष्काळात कुणी पंक्चरसुद्धा काढंना, म्हणून तोही खडीवर. कोण्या एका गावच्या सोसायटीत तपासनिसाची स्कूटर नीट करायला गेला होता, तेव्हा त्यानं सगळं डोळ्यांनी बघितलेलं.

"दप्तर उघडायच्या आत चहा येतो," तो म्हणाला. "चहा पेला की पोहे येतात. पोहे खाल्ले की पोरं कोंबडीमागं पळतात. कोंबडी पोटात गेली की दप्तर आपोआप मिटतं. साहेब लोकांला हे ठावं न्हाई का? पैली परीक्षा चहाचीच घेणार. म्हन बरं, नको."

"नको," उत्तरेश्वर म्हणाला.

"हे नको हाय का बे? हे तर 'अजून थोडं घाला' असं वाजतंय."

मग रोज दुपारच्या सुट्टीत तालीम. चहा आणायचा कुठून? दूध नाही, साखर नाही. रहमतुल्ला रिकामी कपबशी पुढं करायचा आणि तऱ्हेतऱ्हेनं आग्रह करायचा. "घ्या साहेब. बरं, अर्धा घ्या. बरं, नुस्ता व्होटाला लावा. आमच्या म्हातारीच्या हातचा हाय, ती आज हाय उद्या न्हाई." म्हातारीपर्यंत आलं की उत्तरेश्वर विरघळायचा आणि हात पुढं करायचा. रहमतुल्ला त्या हातावर चमचा हाणायचा.

गावाला कळलं तसं गावाला भलताच हुरूप आला. ज्या गावात सांजच्याला रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर वाटेकरी नको म्हणून लोक दार लोटून घ्यायचे, तिथं उत्तरेश्वरला बोलावणी यायला लागली. हा काही घेणार नाही हे सगळ्यांना माहीत. म्हणून कुणी बासुंदी देऊ करायचं, कुणी बोकड. सगळ्यात दिलदार झाली आमची शेजारीण चतुराबाई. एरवी ही बाई पाहुण्याला पाणी देताना तांब्या आपल्याच हातात धरायची. आता रस्त्यानं ओरडायची, "उत्तरेश्वरा, ये रं, तुपातला शिरा केलाय. वर चहा ठिवलाय."

पंधरवडाभर तो "नको" म्हणत गेला. एक दिवस ऊन फार झालं, पोटात काही नव्हतं, आणि चतुराबाई शेरभर शिऱ्यावर आली. हा म्हणाला, "बरं चुलते, तू एवढं म्हनतीस तर दे वाटीभर."

चतुराबाई जागीच थिजली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेल्या, तुला सगळं गाव 'न्हाई' म्हनायला शिकवाया लागलंय, का 'हो' म्हनायला? असल्यानं नोकरी लागती व्हय? चल, नीघ. पुन्यांदा इचारते, तवा नीट बोल."

तिनं पुन्हा विचारलं. तो नीट बोलला.

मुलाखतीला रहमतुल्ला आणि मी सोबत गेलो. रात्रभर तिघांनी एस.टी.त डोकी आपटली. कचेरीच्या व्हरांड्यात खिडकीखाली आम्ही दोघं बसलो. उकाड्यानं खिडकी उघडी, त्यामुळं आतला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. आत तीन साहेब. मधले मोठे साहेब आमच्याकडचेच, परभणीचे.

घसारा झाला, ताळेबंद झाला. मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "सोसायटीत गेल्यावर पहिलं काय तपासाल?"

"हातातली रोकड मोजीन साहेब. चहा यायच्या आधी."

"आधी का?"

"चहा पिल्यावर मोजायला लाज वाटती."

आणि तेवढ्यात शिपाई खरंच चहा घेऊन आला. वर बिस्किटं.

"घ्या," मोठे साहेब म्हणाले.

"नको साहेब."

"अहो घ्या. सकाळपासून सगळ्या उमेदवारांनी घेतलाय."

"नको."

आता मराठवाड्याचा माणूस, समोरच्यानं नको म्हटलं की त्याला राहवतं का? मोठे साहेब इरेला पेटले. "अर्धा घ्या. बरं, बिस्कीट तरी. अहो उपाशी दिसताय तुम्ही." बाकीचे दोघेही आग्रहाला लागले. मुलाखत राहिली बाजूला, तिथं लग्नाची पंगत झाली. इकडं रहमतुल्ला माझी मांडी दाबून धरत होता. शेवटी मोठे साहेब वैतागून म्हणाले, "अहो, ही काही परीक्षा नाही, साधा चहा आहे."

"साहेब," उत्तरेश्वर म्हणाला, "ते बी असंच म्हनत्यात."

तिघं साहेब एकमेकांकडं बघायला लागले. शिपायानं बिस्किटांसकट कपबशी उचलली आणि तो बाहेर आला. आम्हाला बघून म्हणाला, "आता हे परत कुठं न्यू? घ्या तुमीच."

रहमतुल्लानं विचार केला नाही. चहा पेला, एक बिस्कीट खाल्लं, एक मला दिलं. आणि बशी चाटता चाटता त्याचा चेहरा पडला. "बे," तो म्हणाला, "तपासनिसाच्या मानसानं पेला म्हंजे तपासनिसानंच पेला की. म्या तर त्याची नोकरी पेलो."

मी धरायच्या आत तो कपबशी घेऊन थेट आत गेला.

"साब, चहा मी पेलो. त्याचा काई गुन्हा न्हाई."

"तुम्ही कोण?"

"सायकलवाला. मीच ह्याची तालीम घेतली."

"आणि बिस्किटं?"

"एक मी, एक त्यानं," म्हणून त्यानं खिडकीकडं बोट केलं. मी खिडकीतून नमस्कार केला. तोंडात बिस्कीट होतं.

मोठे साहेब उत्तरेश्वरकडं वळले. "हा तुमचा दोस्त. आता याचं काय करायचं, तुम्हीच सांगा."

रहमतुल्लानं त्याच्याकडं असं बघितलं की दगडाला दया यावी. शेळी धरणारा, मोठा दगड घेणारा आमचा उत्तरेश्वर. आता म्हणणार, जाऊ द्या साहेब, सोडून द्या.

"शेरा लिहावा लागंल साहेब," तो म्हणाला. "चहा एक, बिस्किटं दोन. उमेदवाराच्या सोबत्यांनी घेतली. उमेदवाराला माहीत नव्हतं."

मोठे साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. मग त्यांनी खरोखरच कागद ओढला आणि रहमतुल्लाला त्याचं पूर्ण नाव विचारलं.

परत येताना बीड येईपर्यंत रहमतुल्ला उत्तरेश्वरशी बोलला नाही. पण जागा उत्तरेश्वरलाच मिळाली, हे कळल्यावर रहमतुल्लाचं सगळं बदललं. मरेपर्यंत तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "माजं नाव सरकारी दप्तरात हाय. तपासून बगा." मला वाईट एवढंच वाटतं की साहेबांनी खिडकीतल्या माणसाचं नाव विचारलं नाही.

उत्तरेश्वरची पहिली नेमणूक आष्टीला झाली. तिथले लोक म्हणायचे, आमच्याकडं आधीच पाणी नाही, आणि त्यात सरकारनं हा असला कोरडा साहेब धाडलाय.