अर्ध्या कापलेल्या केसांचा अपडेट

आमच्या ऑफिसात तिला सगळे चिवटताई म्हणायचे, आणि तिच्या तोंडावर म्हणायचे. तिला राग येत नसे. "चिकट म्हणत नाही ना, मग झालं," एवढंच म्हणायची.

तिचं काम होतं चुका शोधणं. आमची कंपनी सिनेमावाल्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवते. नट हिरव्या कापडासमोर उभा राहून अभिनय करतो. मग ते कापड चित्रातून काढून टाकायचं आणि नटाच्या मागे डोंगर, समुद्र, पेटलेलं शहर, जे हवं ते बसवायचं. हे सगळं जोडकाम आमच्या सॉफ्टवेअरवर होतं. प्रोग्रामर मंडळी ते लिहायची, चिवटताई ते मोडतं कुठे ते बघायची, आणि मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून ते वापरायचं कसं याची माहिती लिहायचे. म्हणजे सगळ्यांत सुखी मीच.

ताई पूर्वी एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडला तेव्हा ती रडत बसली नाही, सरळ कॉम्प्युटरच्या वर्गाला गेली. डोळा तोच होता, फक्त अक्षरांऐवजी चित्रं आली. हॉटेलात गेली की आधी मेनूकार्डातल्या चुका काढणार, मग काय मागवायचं ते ठरवणार. लग्नाआधी नवऱ्याने लिहिलेली प्रेमाची चिठ्ठी तिने ऱ्हस्वदीर्घ सुधारून परत केली होती. तरीही त्याने तिच्याशीच लग्न केलं, यावरून तो माणूस किती शांत असेल ते ओळखा. तो ॲम्ब्युलन्स चालवतो. घरात त्याचा आवाज फारसा निघत नाही. म्हणतो, दिवसभर सायरन ऐकल्यावर मला गप्प बसायला आवडतं.

घरात तिसरे होते सासरे. सगळे त्यांना बाबा म्हणत. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्या दिवसापासून त्यांनी केस कापायचं सोडलं. "नोकरीभर टोपीखाली गुदमरले बिचारे," ते म्हणायचे, "आता जरा हवा खाऊ देत." पांढरेशुभ्र, भुरभुरीत केस, खांद्यापर्यंत आलेले. दिसायला खरंच छान होते. पण ते केस न्हाणीघराच्या मोरीत जायचे आणि मोरी तुंबायची. सासरा-सुनेत बोलण्याचा विषय म्हणजे मोरी, आणि मोरीवरून पुन्हा केस. बाकी दोघं आपापल्या वाटेने जायची. भांडण नाही, पण गप्पाही नाहीत.

अशात आमचा छोटा अपडेट यायची वेळ झाली. मोठ्या अपडेटला गाजावाजा असतो, नव्या सोयी असतात, जाहिराती असतात. छोट्यात नवं काहीच नसतं. घरात एखादा दिवस आपण काढतो ना, आज गळका नळ बांधायचा, दाराची कडी बसवायची, करकरणाऱ्या खिडकीला तेल घालायचं, तसा तो असतो. कोणी टाळ्या वाजवत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी खिडकी करकरत नाही.

या अपडेटच्या आधी दूरच्या एका देशातून तक्रार आली होती. एक बाई तिथे एका सिनेमावर काम करत होती. सिनेमात एक म्हातारी वाऱ्यात डोंगरकड्यावर उभी असते. हिरवं कापड काढून मागे डोंगर बसवला की म्हातारीच्या केसांभोवती काळे ठिपके लुकलुकत होते, जसे काही डोक्यावर डास घोंघावतायत. "माझं चित्र गुप्त आहे, पाठवू शकत नाही," तिने लिहिलं होतं. "पण माझ्यावर विश्वास ठेवा. मी ते ठिपके हाताने पुसतेय, आणि एक पुसला की दुसरा येतो."

आमचा मुख्य प्रोग्रामर फार कमी बोलायचा, म्हणून त्याचं नाव मौनीबाबा. त्याने ऑफिसातली नमुन्याची सगळी चित्रं तपासली. काळे केस, तपकिरी केस, कुरळे, सरळ, ओले. एकही ठिपका दिसला नाही. आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी शेरा मारला, 'चूक आढळली नाही,' आणि तक्रार बंद झाली.

"बंद कशी?" ताई म्हणाली. "ती बाई काय स्वप्नात ठिपके पुसतेय?"

"ताई, दाखवल्याशिवाय दुरुस्त काय करणार?" प्रमुख बाई म्हणाल्या. त्यांचंही खरं होतं. "उद्या संध्याकाळी अपडेट सील होतो, मग त्यात काही घालता येणार नाही. त्याआधी मला एक ठिपका दाखव, मी थांबवते."

ताई घरी गेली ती घुश्शातच. त्यात मोरी तुंबलेली. तिने त्या दिवसाचा सगळा राग मोरीवर काढला, म्हणजे खरं तर मोरीच्या निमित्ताने बाबांवर. बाबा शांतपणे म्हणाले, "बरं सूनबाई, सकाळी कापून येतो. तुझं समाधान होऊ दे."

पुढचं मला ताईनेही सांगितलं आणि बाबांनीही. दोघांच्या सांगण्यात फरक आहे, पण मुख्य गोष्ट एकच.

सकाळी बाबा चहा पिऊन निघाले. स्वयंपाकघराला मागच्या बाजूने एक दार आहे, गर्द हिरव्या रंगाचं. बाबा त्या दारापाशी चप्पल घालायला वाकले. खिडकीतून ऊन येत होतं, पंखा चालू होता, केस उडत होते. ताईने बघितलं आणि तिच्या मनात आलं, बाबांचे केस आज हिरवट का दिसतायत? तेवढ्यात दूध उतू गेलं. ती तिकडे धावली, बाबा गेले.

ओटा पुसता पुसता ती एकदम थांबली. पांढरा केस! काळ्या केसातून काही दिसत नाही, पण पांढरा केस काचेच्या तंतूसारखा असतो, मागचा रंग पिऊन घेतो. ऑफिसातल्या एकाही नमुन्यात पांढरे केस नव्हते. सगळ्या चित्रांत तरुण माणसं! आणि तक्रार करणाऱ्या बाईच्या चित्रात होती म्हातारी.

आणि जगातले तिला माहीत असलेले सगळ्यांत सुंदर पांढरे केस या क्षणी सलूनच्या खुर्चीत बसायला निघाले होते.

ताई धावली. हातात फडकं तसंच. गल्ली ओलांडली, पिठाच्या गिरणीसमोरून वळली, एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि सलूनचं दार ढकलून ओरडली, "थांबा! कापू नका!"

सलूनवाल्याची कात्री हवेतच राहिली. बाबा आरशातून सुनेकडे बघत होते. त्यांच्या डोक्याची डावी बाजू शाळेतल्या मुलासारखी स्वच्छ झाली होती. उजव्या बाजूला केस खांद्यापर्यंत तसेच होते.

"आता काय झालं?" बाबा म्हणाले. "तूच म्हणालीस ना कापा म्हणून?"

"बाबा, मला तुमचे केस हवेत!"

बाबांनी फरशीकडे बोट दाखवलं. "ते काय पडलेत. घे उचलून."

"तसे नाही, डोक्यावरचे!"

सलूनवाला भला माणूस होता. त्याने विचारलं, "ताई, घरात काही झालंय का? पाणी देऊ?"

ताईने त्याला आणि बाबांना उभ्या उभ्या सगळं समजावलं. म्हातारी, डोंगर, ठिपके. सलूनवाल्याला काही कळलं नाही. बाबांना एवढंच कळलं की कुठल्याशा देशातली एक बाई दिवसभर ठिपके पुसत बसलीये आणि ते त्यांच्या केसांमुळे थांबू शकतं. त्यांनी गळ्याभोवतीचं कापड स्वतःच सोडलं. "मग चल की," म्हणाले, "बसलीस काय?" खरं तर ती उभीच होती.

ताईचा मला फोन आला, की ऑफिसातलं हिरवं कापड आणि कॅमेरा घेऊन घरी ये, का ते विचारू नको. मी गेले. गच्चीत बाबा उभे होते, अर्धे कापलेले. मला हसू आवरेना. बाबा म्हणाले, "हस गं, हस. आज मी नट आहे, प्रेक्षकांनी हसायलाच पाहिजे."

ताईचा नवरा नुकताच ड्यूटीवरून आला होता. त्याच्या हातात टेबलफॅन दिला. कापड वाळत घालायच्या दोरीवर लावलं, चिमटे मारले. तो शांत माणूस फॅन सावरत म्हणाला, "आजपर्यंत 'केसालाही धक्का लागता कामा नये' हे नुसतं ऐकलं होतं." ताई इतकी हसली की कॅमेरा हलला आणि पहिलं चित्रण वाया गेलं.

"हात कुठे ठेवू?" बाबांनी विचारलं.

"कुठेही ठेवा, बाबा. फक्त हलू नका."

बाबांना ते जमेना. हात मोकळे सोडून उभं राहायची त्यांना सवयच नव्हती. शेवटी त्यांनी दोन्ही हात समोर धरले, जसं काही स्टिअरिंग पकडलंय, आणि मग मात्र पुतळ्यासारखे स्थिर झाले. केस उडत राहिले. शेजारच्या गच्चीवरच्या आजींनी विचारलं, "अहो, हे काय चाललंय?" बाबांनी मान न हलवता उत्तर दिलं, "ऑफिसचं काम."

दुपारी आम्ही ऑफिसात पोचलो. मौनीबाबाने चित्रण सॉफ्टवेअरमध्ये घातलं, हिरवं कापड काढलं, मागे एक डोंगर बसवला. आम्ही सगळे त्याच्या खुर्चीमागे उभे. डावीकडे, जिथे केस कापले होते, तिथे कड स्वच्छ. उजवीकडे केस उडाले आणि त्यांच्या टोकांवर काळे ठिपके नाचायला लागले. दिसले, गेले, पुन्हा दिसले.

"आले! आले!" ताई ओरडली. चूक सापडल्यावर कोणी इतकं आनंदाने ओरडताना मी बघितलेलं नाही.

मौनीबाबा खुर्चीत मागे रेलला. "अरे वा," म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच. मग तो चक्क पुढेही बोलला, "एकाच डोक्यावर दोन्ही बाजू. आता तर मला शोधायची जागाही कळली."

त्याने कोडमध्ये शिरून बघितलं. सॉफ्टवेअर केसांवर चढलेला हिरवा रंग धुऊन काढायचं, पण पांढऱ्या केसाच्या टोकाशी ते जरा जास्तच धुवायचं, रंगाचा आकडा शून्याच्याही खाली जायचा, आणि तिथे भोक पडल्यासारखा काळा ठिपका यायचा. शून्याला थांब, एवढंच सांगायचं राहिलं होतं. त्याने ते सांगितलं. पुन्हा चित्र लावलं. बाबा डोंगरावर उभे होते, अदृश्य बस चालवत, आणि त्यांचे केस वाऱ्यावर नुसते उडत होते. एकही ठिपका नाही.

प्रमुख बाईंनी आपला शेरा स्वतःच्या हाताने खोडला. "घ्या अपडेटमध्ये," म्हणाल्या. "आणि हे गृहस्थ कोण आहेत? यांना आपल्या नमुन्यांत कायमचं ठेवा."

अपडेटसोबत काय काय दुरुस्त झालं ते लिहायचं काम माझं. मी लिहिलं, 'पांढऱ्या व विरळ केसांच्या कडेला येणारे काळे ठिपके आता येत नाहीत.' बस, एवढंच. ते वाचून कोणाला गच्ची दिसणार नाही की टेबलफॅन दिसणार नाही, हे मला माहीत होतं. तरी लिहिताना मी गालातल्या गालात हसत होते.

अपडेट नीट बाहेर पडेपर्यंत बाबांनी उरलेले केस कापू दिले नाहीत. पुन्हा लागले तर? तसेच अर्धे केस घेऊन ते भाजी आणायला जायचे, बागेत फिरायचे. लोक विचारायचे, "काका, न्हाव्याशी भांडण झालं का?" ते म्हणायचे, "काम अर्धवट आहे." सलूनवाला बिचारा बदनाम होत होता. त्याने दुकानाच्या काचेवर कागद लावला, 'आम्ही केस पूर्ण कापतो.'

त्या दूरच्या बाईचं उत्तर आलं तेव्हा ताईने ते घरी बाबांना वाचून दाखवलं. 'माझी म्हातारी आता डोंगरावर निवांत उभी आहे, आणि मी आज सुट्टी घेतलीये. तुम्हाला ती चूक सापडली कशी?' बाबांनी दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "दुसरं काय काय मोडतं तुमच्याकडे?"

ताईने सांगितलं. त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशीही सांगितलं. आता ती घरी आली की बाबा आधी विचारतात, "आज काय मोडलं?" आणि ती चप्पल काढता काढताच सुरू होते. धुरामागची सावली, पाण्यातलं उलटं चित्र, काय नि काय. बाबांना सगळं कळतं असं नाही. पण ते मधेमधे "मग?" म्हणतात, आणि तेवढं पुरतं.

एकदा ते ऑफिसात आले. दारातल्या रखवालदारापासून सगळे त्यांना ओळखत होते, कारण प्रत्येकाने त्यांना पडद्यावर शेकडो वेळा पाहिलं होतं. मौनीबाबा जागेवरून उठून आला आणि त्याने त्यांना चंद्रावर, समुद्राच्या तळाशी आणि ज्वालामुखीच्या तोंडाशी उभं करून दाखवलं. बाबा म्हणाले, "बस घेऊन मी एवढ्या लांब कधी गेलो नव्हतो."

पुढे तो सिनेमा आमच्याकडे लागला. आम्ही सगळे गेलो, ताई, तिचा नवरा, बाबा आणि मी. म्हातारीचा प्रसंग आला. मोठ्ठा डोंगर, खाली ढग, आणि पडदाभर तिचे पांढरे केस वाऱ्यात. मी त्या केसांच्या कडेला ठिपके शोधत होते. ताई तर खुर्चीच्या टोकावर आली होती. कुठेही काहीही नव्हतं, नुसते केस. आणि बाबा अंधारात उभे राहून मोठ्याने म्हणाले, "हीच ती! हीच!"

मागून कोणी तरी "खाली बसा हो" म्हणालं. ताईने त्यांचा हात धरून त्यांना बसवलं, आणि सिनेमा संपेपर्यंत तो हात सोडलाच नाही.