दाजींची पिपाणी

निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात ज्याला आमच्या दाजींनी एकदाही फुंकायला लावलं नाही, असा माणूस शोधून सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. बेळगावच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ते दमा आणि अ‍ॅलर्जी शिकवत, आणि उरलेला सगळा वेळ त्याच दोन गोष्टींच्या मागावर असत. इतरांच्या खिशात पेन असतं, त्यांच्या खिशात एक पांढरं नळकांडं असे. त्यात जोरात फुंकलं की लाल काटा सरकतो आणि छातीत किती जोर आहे ते कळतं. लग्न असो, बारसं असो, बसस्टँड असो, दाजी ते समोरच्याच्या तोंडाला लावत आणि म्हणत, "फुंका. जोरात. अजून दोनदा." तीनदा फुंकल्याशिवाय सुटका नसे. फुंकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे मात्र ते कधी बघत नसत. नजर कायम काट्यावर. माझ्याच साखरपुड्यात त्यांनी मला तीनदा फुंकायला लावलं, वही काढली आणि मान वर न करता विचारलं, "नाव काय आपलं?"

आक्काला बघायला आले, तेव्हाही शिक्षण, स्वयंपाक काही न विचारता त्यांनी एकच प्रश्न केला होता, "सकाळी उठल्यावर शिंका येत्यात का?" आक्का म्हणाली, "लई." त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले. आमची आई आत येऊन पुटपुटली, "ह्याला बायकू पायजे का पेशंट?" विहारात वंदनेला बसताना ते उदबत्तीपासून सर्वांत लांबच्या खिडकीशी बसत. माझ्या घरी आले की आधी पुस्तकांच्या कपाटावर थाप मारून उडालेली धूळ बघत आणि म्हणत, "मास्तर, ह्यात ज्ञान कमी आनि किडं जास्त." बेळगावच्या गच्चीवर ते हवेतले परागकण धरायला काचेच्या पट्ट्यांना व्हॅसलीन फासून ठेवत. शेजारणीला वाटलं, करणी आहे. तिनं एके सकाळी त्या पट्ट्यांवर हळदकुंकू वाहिलं, वर लिंबू ठेवलं. दाजींनी ते कुंकूही सूक्ष्मदर्शकाखाली घातलं आणि शेजारणीला निरोप धाडला, "ह्यात भेसळ हाय, दुकान बदला." एकदा कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांना त्यांच्या पिशवीत गाद्यांच्या धुळीची चाळीसेक पाकिटं सापडली, प्रत्येकावर एकेका माणसाचं नाव. दोन तास चौकशी झाली. सुटले तेव्हा दोन शिपायांची नावं वहीत होती आणि एकाला बिडी सोडायची तंबी मिळाली होती.

त्यांचे सोबती हृदयाकडे वळले, मेंदूकडे वळले. "शिंका मोजून कुणाचं भलं झालंय?" असं ते दाजींना तोंडावर विचारत. दाजी नुसते हसत. त्यांच्या ह्या नादाचं कारण फक्त आक्काला आणि मला ठाऊक होतं. त्यांची आई निपाणीच्या एका वखारीत तंबाखू चाळत असे. ती धूळ तिच्या छातीत बसली. मुकादम फेरीला आला की ती पदराचा बोळा तोंडात कोंबून खोकला दाबायची. खोकणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी काम मिळत नसे. दाजी डॉक्टर व्हायच्या आत ती गेली. ती धूळ बायकांचा श्वास खाते, हे कुणालाही खोडता येणार नाही अशा पद्धतीनं मांडायचं, एवढ्याचसाठी त्यांनी ती सगळी वर्षं काढली.

अखेर निपाणीतल्याच एका वखारवाल्यानं तपासणीला होकार दिला. अट एकच, तपासणी वखारीच्या अंगणातच करायची. दाजी लहान मुलासारखे हरखले. टेबल मांडलं, नळकांडी उकळत्या पाण्यातून काढली आणि नावं लिहायला मला बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं. बायका त्या नळकांड्याला पिपाणी म्हणू लागल्या. आदल्या संध्याकाळी मुकादम काय बोलून गेला होता, ते दाजींना माहीत नव्हतं. तो म्हणाला होता, "जिचा दम कमी भरंल, तिनं उद्यापास्नं घरी बसायचं."

"नाव?" मी विचारलं.

"शेवंता. वय साठ."

मी वर बघितलं. समोर सुमन उभी होती, आमच्याच गल्लीतल्या शेवंताआक्काची सून, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. शेवंताआक्का मागं भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून बसली होती.

"बघतायसा काय मास्तर?" सुमन हळूच म्हणाली. "लिवा की. शेवंताच लिवा."

मी लिहिलं. तिनं फुंकलं, काटा पार वर गेला. "वा आक्का!" दाजी काट्याला म्हणाले. तिच्यामागून आणखी सुना आल्या, लेकी आल्या, आणि मी म्हाताऱ्यांची नावं सुवाच्य अक्षरात लिहीत गेलो. बायकांची रोजी जाऊ नये म्हणून गप्प राहिलो, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे चारचौघांत उठून बोलायचं मला जमलं नाही.

महिन्याभरानं दाजी वही घेऊन माझ्याकडे आले. कपाटावर थाप मारली नाही. "मास्तर, साठीच्या बायका पंचविशीसारख्या फुंकत्यात. कसं काय?" मी सगळं सांगितलं. त्यांनी बहुधा पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. ते म्हणाले, "आई असती तर तिनंबी सुनेला, तुमच्या आक्कालाच, पुढं धाडलं असतं. मुकादमाच्या अंगणात टेबल मांडलं मी. मला कळाय पायजे हुतं."

कॉलेजात वरिष्ठ म्हणाले, आकडे आहेत तसे छापा, विभागप्रमुख व्हाल. दाजींनी सगळे कागद मागे घेतले. ती खुर्ची दुसऱ्याला मिळाली. पुन्हा तपासू म्हणून ते वखारीत गेले, तर मालकानं फाटकातूनच सांगितलं, "एकदा तपासलंय की डॉक्टर. समद्या धडधाकट हायत." हे वाक्य तो अजून सगळ्यांना ऐकवतो, दाजींचं नाव घेऊन. शेवंताआक्का दोन वर्षांनी गेली. शेवटी तिला आडवं होता येत नव्हतं. तिची चाळणी सुमननं धरली. दाजी त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. लोकांना फुंकायला लावणं त्यांनी सोडलं नाही, पण त्यानंतर ते आधी चेहरा बघत, मग काटा.

गेल्या महिन्यात दाजी गेले, हृदयविकारानं. सोबती ज्या विषयाकडे वळले होते, त्यानंच त्यांना नेलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पांगल्यावर सुमन आली. दाराच्या तीन पायऱ्या चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबली. तसबिरीला हात जोडून झाल्यावर म्हणाली, "मास्तर, ती पिपाणी हाय व्हय अजून?"

आक्कानं दाजींच्या पिशवीतून नळकांडं आणि वही आणून दिली. मी पेन उघडलं आणि सवयीनं विचारलं, "नाव?"

सुमन हसली. हसताना तिला खोकला आला. तो तिनं पदरात दाबला नाही. "आता माझंच लिवा."

तिनं फुंकलं. काटा जरासा हलला आणि थांबला. मी आकडा लिहायला खाली बघितलंच नाही. ती घामेजली होती, आणि तिच्या कानांमागं वखारीची पिवळट धूळ अजून तशीच होती.

"अजून दोनदा न्हवं?" तिनं विचारलं. "दाजी तीनदा फुंकाय लावायचं."

"लावायचे," मी म्हटलं. "बस जरा. आधी दम घे."