चाचांनी खुडलेला झेंडू

सगळं शेत हिरवंगार होतं आणि तीच पंचाईत होती. दिवाळी तोंडावर, शेत झेंडूचं, आणि फूल औषधालाही नाही.

शेत रामखेलावन चाचांचं, लखनौबाहेर बख्शी का तालाबच्या पलीकडे. घरात बापजाद्यांपासून तंबाखू. मी लखनौत शेती अधिकारी. तंबाखूवाल्यांना दुसऱ्या पिकांकडे वळवायचं, हे माझं काम. ऑफिसात त्याला डायव्हर्सिफिकेशन म्हणतात. सगळ्यांत आधी चाचा वळले होते. त्यांचं फसलं की गाव पुन्हा तंबाखूकडे, हे नक्की.

"चाचा, फूल कहाँ गए?"

"तोड़ दिए साहब, कली में ही. आप ही तो बोले थे, तंबाकू जैसी सेवा करना."

बोललो होतो खरा. मी रत्नागिरीचा, तंबाखू पाहिलेली ती मामाच्या चंचीत. कळी दिसली की तंबाखूचा शेंडा खुडतात, म्हणजे पानं जाड होतात, हे मला त्या बांधावर कळलं.

"पत्ते देखिए, कैसे मोटे हैं!" चाचा अभिमानाने म्हणाले.

"गेंदे के पत्ते कौन खरीदेगा?" चाचींनी विचारलं. "साहब खरीदेंगे?"

पुढच्या आठवड्यात चाचा बाजूचे फुटवेही काढणार होते. तेवढं मी हात जोडून थांबवलं.

तेवढ्यात आमचे मिश्रासाहेब जीपमधून उतरले. "अरे वाह! पिंचिंग कराई है?"

शेंडा खुडला की झेंडूला बाजूने फुटवे फुटतात, फुलं उशिरा पण भरपूर येतात. हे कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेनंतर विसरलो होतो.

"जी सर," मी म्हणालो. चाचा माझ्याकडे बघत राहिले.

दिवाळीला सगळ्यांचा झेंडू एकदम आला आणि मंडीत भाव पडला. चाचांचा फुलला ऐन लग्नसराईत. टोपल्या उतरायच्या आत उचलल्या गेल्या. शेजारी रोपं मागायला आले. मला पिंचिंगवर ट्रेनिंग द्यायला बोलावलं, शाल दिली. ती मी आजवर पांघरलेली नाही.

ट्रेनिंगला चाचा पहिल्या रांगेत.

"साहब, ये तरकीब निकाली किसने?"

मिश्रासाहेब शेजारीच होते. "अनुभव से आई है, चाचा."

"अच्छा! किसके?"

मी पुढची स्लाइड लावली. आज सांगतो: सवय चाचांची, अज्ञान माझं.

तेव्हापासून सल्ला जपून देतो. न जाणो, कुणी तो पाळायचा.