आईच्या कानशिलातला आवाज

आईनं मला हाक मारली तेव्हा मी आतल्या खोलीत ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये होतो. प्रभादेवीच्या आमच्या दोन खोल्यांत कोण काय बोलतंय ते सगळं ऐकू येतं. मलाही ऐकू आलं. मी ओरडलो, "आई, पाच मिनिटं!"

अर्ध्या तासानं बाहेर आलो तर ती ओट्यापाशी जमिनीवर बसलेली. कोलंबी अर्धी सोललेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. बोलू पाहत होती, पण नुसतं "ते... ते..." एवढंच. उजवा हात मांडीवर पडून होता.

शेजाऱ्यानं टॅक्सी थांबवली. परळच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कधी सुरू झालं?"

"अकराला," मी म्हणालो. "नाही. साडेदहा. तिनं हाक मारली होती."

त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं.

स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी दिसली. ती विरघळवायचं औषध सलाइनमधून लगेच सुरू झालं. "सोबत कानशिलावरून सोनोग्राफीच्या लहरी सोडतो," बाई म्हणाल्या. "गुठळी हलते, औषध आत शिरतं, असा अंदाज आहे. अजून अभ्यास चालू आहे. तुमची संमती लागेल."

मी सही केली.

आईच्या डोक्याला पट्टा बांधून डाव्या कानशिलावर यंत्राचं टोक टेकवलं. स्पीकरमधून नुसती खरखर. रक्त वाहत असतं तर ऐकू आलं असतं, असं मला सांगितलं होतं. म्हणून मी ती खरखर ऐकत कॉटच्या पडद्याशी उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही. मग त्या खरखरीतून काहीतरी सरपटल्यासारखं आलं. सूं... सूं... हळूहळू ठोक्याला ठोका लागला.

"उघडतेय," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी आईनं पाणी मागितलं. शब्द जड होता, पण 'पाणी' असाच होता.

घरी सोडायच्या दिवशी मी विचारलं, "लहरींमुळे झालं की औषधामुळे?"

"एकाच पेशंटवरून नाही सांगता येत."

"आणि तो अर्धा तास वाया गेला नसता तर?"

"तेही नाही सांगता येत."

शेजारच्या खुर्चीत आई डाव्या हातानं ब्लाउजचं हुक लावू पाहत होती. मी पुढे झालो, तर तिनं मानेनंच नको म्हटलं.