मेंढरांच्या वाटेनं साखरपुड्याला

मेंढरं दौंडला जात नाहीत, हे मला पन्नाशीत कळलं. तेही मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी.

शहाण्णव-सत्त्याण्णवचा काळ. मुलाचे वडील दौंडला रेल्वेत गार्ड. (म्हणजे उशीर हा त्यांच्या लेखी गुन्हाच!) मुलाच्या आजीला प्रवास झेपत नाही, म्हणून कार्यक्रम त्यांच्या क्वार्टरवर, दुपारच्या आत, असं ठरलेलं. आमच्या मंगलची दोन स्थळं आधी मोडली होती, हे तिसरं. भावकी टेंपोनं डांबरी रस्त्यानं पुढं गेली. मागून मेव्हण्याच्या जीपमध्ये मी, आमची ही आणि साडी सावरत बसलेली मंगल.

न्हावरा गावाच्या अलीकडं मी जीप डांबरावरून खाली उतरवली.

"आवं, रस्ता तिकडं हाय!" ही ओरडली.

"रस्ता कालचा. ही वाट माझ्या आज्याची हाय. ल्हानपणी मेंढरांमागं हितनंच दौंडच्या अंगाला जायचो. डोळं झाकून नेतो."

(आणि तसंच नेलं!)

माळावर हिवाळ्याचं कोवळं ऊन पडलं होतं. कुसळी गवत वाऱ्यानं एका अंगावर झुकलेलं. जीप खड्ड्यांतून पाळण्यासारखी डुलत होती. लांब कुठंतरी मेंढराच्या गळ्यातली घंटा किणकिणल्यासारखी वाटली आणि मला वाटलं, पुढं माझा बाप चाललाय, खांद्यावर घोंगडं टाकून, आणि मी नुसता त्याच्या मागं चाललोय. वाट बाभळीपाशी वळली, मी वळलो. ओढ्यात उतरली, मी उतरलो.

"हितं आमचा मुक्काम असायचा!" मी जीप थांबवून दाखवलं.

"बाबा, मुक्काम ऱ्हाऊ द्या. ऊन डोक्यावर आलं," मंगल म्हणाली.

"आलंच दौंड."

"सकाळपासनं आलंच की!" ही म्हणाली. "दौंडच चालत येतंय का आपल्याकडं?"

आणखी तीन मुक्काम झाले. उन्हं कलली. समोर झाडीतून एक शिखर दिसलं. मी हर्षानं ओरडलो, "बघा, दौंड!"

मंगल शांतपणे म्हणाली, "बाबा, ते आपल्या बिरोबाचं देऊळ हाय."

मेंढरं कुठं पोचायला निघत नाहीत हो, चरायला निघतात! पडीक रान संपलं की दुसरं पडीक रान, असं करत दिवाळीनंतर गेलेला कळप पावसाच्या आधी घरी येतो. मी ती वाट इमानदारीनं शेवटपर्यंत हाकली होती.

आमच्या ओसरीवर सगळं दौंड बसलं होतं! आम्हाला शोधत भावकी त्यांना टेंपोत घालून घेऊन आली होती. प्रवास न झेपणारी आजी म्हणे सगळ्यांच्या आधी टेंपोत चढली. व्याही मात्र घड्याळाकडं बघत उभे होते.

"पाव्हणं, आमची गाडी लेट हुईल," ते म्हणाले, "पर रूळ सोडत न्हाई. लेक द्यायची नव्हती तर सांगायचं तरी!"

मंगलनं पदराचं टोक तोंडात धरलं. मला ती दोन मोडलेली स्थळं दिसू लागली. आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"तसं न्हाई, साहेब. आमच्यात साखरपुड्याच्या सकाळी लेकीला आज्याच्या वाटेनं फिरवून आणत्यात. सासरी जायच्या आधी तिनं माळ डोळाभरून बघायचा."

हिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मेंढरूच बोलायला लागलंय. आजीचे मात्र डोळे भरले. "लई चांगली रीत हाय. चल गं पोरी, बस पाटावर!"

साखरपुडा ओसरीवरच झाला. मंगल आज दौंडला सुखात आहे.

पण ती रीत भावकीनं धरून ठेवली. प्रत्येक नवरीची माळावर फेरी! यंदा पुतण्याच्या मुलीच्या वेळी तीन जीपा निघाल्या. मागच्या नवरीच्या फेरीत दोन टायर फुटून उशीर झाला नि तिच्या सासरचे रुसले होते, म्हणून मला राहवेना. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आरं, ही रीत-बीत काय न्हाई! मी वाट चुकलो हुतो!"

पुतण्यानं माझ्या पाठीवर मायेनं हात ठेवला. "आप्पा, वय झालं तुमचं. इसराय लागलाय."

आणि वाट दाखवायला मला पुढच्या सीटवर बसवलं.